पिंपळापासून कारंज्यापर्यंत

कोल्हापूरला जाऊन आले म्हटलं की अकोल्यात बायका आधी अंबाबाईचं विचारतात, मग चपलांचं, मग गुळाचं. रंकाळा पाहिला का? पन्हाळ्याला गेलात का? मी सगळ्याला नाही नाही म्हणत गेले, की त्यांना वाटतं ही बाई तिकीट काढून स्टेशनातच बसून राहिली असणार. मग आठवडाभर केलं काय तिथं? बागेत बसले होते बाई. रोज, एकाच बागेत. टाऊन हॉलच्या बागेत.

आता बागेत बसायला कुणी एवढ्या लांब जातं का, असं तुम्ही विचाराल, म्हणून आधी कारण सांगते. आमचा सुमेध पुण्याला नोकरी करतो. त्याच्याच ऑफिसातली प्रज्ञा त्याने आम्हाला फोनवर दाखवली आणि म्हणाला, आई, हीच. मुलगी गडमुडशिंगीची, म्हणजे कोल्हापूरला लागूनच. वडील आनंदराव आयुष्यभर फौंड्रीत कामाला, आई मंगल दोन म्हशी सांभाळून शेतात राबणारी. आपल्यासारखीच माणसं. मला पोरगी आवडली. एक गोष्ट मात्र मी आधीच ठणकावून सांगितली, की मुलगी बघायचा कार्यक्रम होणार नाही. माझा झाला होता. सगळ्या पाहुण्यांसमोर मला खाटेपासून रांजणापर्यंत चालायला लावलं होतं, पायात खोट आहे का ते बघायला. तो राग माझ्या अंगात अजून शाबूत आहे. तेव्हा आम्ही जायचं, भेटायचं, तारीख ठरवायची आणि यायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आणि नेमकं तेव्हाच आनंदरावांच्या पोटात गाठ निघाली. सरकारी दवाखान्यात भरती केलं, ऑपरेशन ठरलं. प्रज्ञा सुट्टी टाकून तिकडे गेली आणि तिथून सुमेधला म्हणाली, "बाबांच्या तोंडून हो आल्याशिवाय मी लग्न करणार नाही." बाबा म्हणाले, "माणसं बघितल्याशिवाय मी हो म्हणणार न्हाय." बरं, मग भेटा म्हटलं, तर दवाखान्याच्या कपड्यात सोयऱ्यांसमोर जाणार नाही हा त्यांचा हट्ट. व्हिडिओ कॉल करा म्हटलं तर म्हणाले, मोबाईलमधी समदीच माणसं ग्वाड दिसत्यात.

घ्या! भेटणार नाही, फोनवर बघणार नाही, आणि बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही. ऑपरेशन तोंडावर आलेलं. माणसाचं काही बरंवाईट झालं आणि तो हो राहूनच गेला, तर ती पोर जन्मभर ते ओझं वाहील, आणि माझा पोरगा तिच्याबरोबर. मी आमच्या ह्यांना म्हटलं, बॅग भरा.

बाग

गाडीतल्या प्रवासाचं काही सांगत नाही. झोपलो, उठलो, चहा प्यालो, कोल्हापूर आलं. स्टेशनबाहेर एक रिक्षावाला ओरडला, "ओ पावणं! कुठं जायाचं?" मला वाटलं आमचं काही चुकलं. आठवड्यानंतर कळलं की हे लोक प्रेमाने बोलतात तेही भांडल्यासारखंच. टाऊन हॉल म्हटल्यावर त्याने आमच्या पिशव्यांकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "दवाखान्यात कोण हाय काय?" होणारे व्याही आहेत म्हटलं. "हुतंय बरं. काय काळजी करू नकासा," म्हणाला आणि वाटेतले खड्डे चुकवत, म्हाताऱ्यांना नेतात तसं आम्हाला नेलं.

टाऊन हॉल म्हणजे संस्थानच्या काळातली काळ्या दगडाची इमारत. टोकदार कमानी, उतरतं छप्पर, वर निमुळते मनोरे. लांबून बघितलं तर चर्च वाटावं. पूर्वी तिथं सभा, समारंभ व्हायचे, आता वस्तुसंग्रहालय आहे. भोवती ही बाग. जुनी झाडं एवढी उंच, की मान मागे टाकून बघताना माझा पदर डोक्यावरून पडला. कारंजं आहे, पोरांच्या चढण्याने पाठ गुळगुळीत झालेल्या तोफा आहेत, आणि रस्ता ओलांडला की समोर मोठा दवाखाना.

आणि हीच ह्या बागेची खरी गोष्ट. आमच्याकडे बाग म्हणजे संध्याकाळी सहानंतरची जागा, दुपारी तिथं कुत्रंही फिरकत नाही. इथं भर दुपारी गावंच्या गावं बसलेली. समोर ज्याचं माणूस भरती, त्याचं घर बागेत. कुणी डबा सोडतंय, कुणी चादर अंथरून पडलंय, कुणी झाडाला टेकून फोनवर म्हशीची चौकशी करतंय. ज्याचा डबा आला नाही त्याला शेजारची चादर हाक मारते. "या की जेवायला!" तो नको म्हणतो, हे ओरडतात, मग तो येतो. मी हे रोज बघितलं. तरुण पोरं-पोरीही असतात झाडाआड, त्यांचं वेगळं. त्यांना कुणी उठवत नाही.

मंगलबाई फाटकातच उभ्या होत्या. लहानखुरी बाई, पदर खोचलेला, डोळे जागरणाने लाल. "जय भीम ताई, या की, या!" म्हणत त्यांनी माझ्या हातातली पिशवी ओढूनच घेतली. एका मोठ्या पिंपळाखाली सतरंजी अंथरली होती. आधी पाय धुवायला पाणी दिलं, मग प्यायला. बागेत, बरं का! "घरला न्हेता आलं न्हाय तुमास्नी," त्या म्हणाल्या, "आता हितंच आमचं घर म्हणायचं." मला एकदम भरून आलं. मी पाय धुतले.

प्रज्ञाने वाकून नमस्कार केला आणि लगेच म्हणाली, "चला, बाग दाखवते." पोरगी चालते काय, वारा! मी दुखऱ्या गुडघ्याची, मी मागेच. संग्रहालयात तिने ब्रह्मपुरीच्या टेकडीत उकरताना सापडलेल्या वस्तू दाखवल्या. जुनी नाणी, मणी, भांडी, आणि एक वीतभर उंचीची समुद्रदेवाची मूर्ती. कुठल्यातरी लांबच्या देशातून आलेली. "लहानपणी बाबा सुट्टीला इथं आणायचे," ती म्हणाली. "मी विचारलं हा कोण, तर म्हणाले, समुद्रावरनं आलेला पावणा हाय, जय भीम कर त्येला." आणि हसता हसता तिने तोंड फिरवलं.

बाहेर आल्यावर तिने तोफ दाखवली, जिच्यावर बसून ती रडली होती, कारण बाबांनी ही कोल्हापुरातली सगळ्यात जुनी घोडी आहे असं सांगितलं आणि घोडी हलेना. बकुळीचं झाड दाखवलं, ज्याच्या फुलांनी बाबा खिसा भरायचे आणि फौंड्रीच्या कपड्यांना आठवडाभर वास यायचा. प्रत्येक झाडाखाली बाबा. पुस्तकी इतिहास मला म्युझियमच्या पाटीवर मिळाला असता, पण ही बाग मी आनंदरावांचं बोट धरूनच बघितली म्हणायची, आणि त्यांचं तोंडसुद्धा अजून बघितलं नव्हतं.

धोतर नेसणारा व्याही

जेवण गडमुडशिंगीहून आलं होतं. मंगलबाईंच्या जावेने पाठवलेलं. ज्वारीच्या भाकरी, सुकं मटण, तांबडा आणि पांढरा रस्सा. तांबडा ओतताना मंगलबाई म्हणाल्या, "जरा जपून हं, तिखट हाय." आमच्या ह्यांनी वाटी तोंडाला लावली, रिकामी केली आणि म्हणाले, "गोडच आहे बाप्पा." विदर्भातलं सावजी पचवलेला माणूस तो. मंगलबाई त्या दिवसात पहिल्यांदा खळखळून हसल्या. पांढऱ्यावर मात्र हे गप्पच झाले. दोन वाट्या झाल्या तरी गप्प. तसा पदार्थ आमच्याकडे नाहीच.

पण हे जेवण पिंपळाखाली झालं नाही. त्याचं असं झालं, की फेब्रुवारी सरत आलेला, पिंपळाची पानं निम्मी झडलेली, ऊन सरळ डोक्यावर. अकोल्याचं माणूस सावली बघितल्याशिवाय बसत नाही. मी म्हटलं, आपण मागच्या चिंचेखाली बसू. मंगलबाई म्हणाल्या, "हितंच बसा की." मी म्हटलं ऊन लागतं. त्या म्हणाल्या, "आता सरकंल की ऊन." आमचे हेसुद्धा म्हणाले, "अवं, मले तर इथंच बरं वाटते." मी ऐकते कुणाचं! सतरंजी उचलली आणि निघाले. माय-लेकींनी एकमेकींकडे बघितलं, पण पाहुणीला अडवायचं कसं? आल्या मागोमाग.

जेवण निम्म्यावर आलं आणि मंगलबाईंचा फोन वाजला. हात रश्श्यात, म्हणून प्रज्ञाने फोन स्पीकरवर टाकून मध्ये ठेवला. आनंदरावांचा आवाज खणखणीत आला.

"बघितली गं माणसं! पसंत हायत मला!"

माझा घास तोंडातच राहिला.

"म्हातारा गडी लाखात एक हाय. भाकरी मोडून आधी बायकोच्या ताटात टाकतोय. बाई बी हसरी. आणि मंगल, ह्या काळात धोतर नेसणारा व्याही गावायला नशीब लागतंय!"

आमच्या ह्यांनी खाली आपल्या पँटकडे बघितलं.

"अवं, ते न्हवंत!" मंगलबाई किंचाळल्या. "ती आपली न्हवंत! आमी मागं चिंचंखाली हाय!"

मग सगळं बाहेर आलं. दवाखान्याच्या पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यात आनंदराव खुर्ची टाकून बसले होते. तिथून पानं झडलेल्या पिंपळाखालचं माणूस स्पष्ट दिसतं. आपण न दिसता पाहुणे कसे बसतात, कसे जेवतात, कसे बोलतात ते बघायचं, असं बाप-लेकीनेच ठरवलं होतं. आणि आम्ही रिकाम्या केलेल्या जागेवर इचलकरंजीकडचं एक म्हातारं जोडपं उन्हाला येऊन बसलं होतं. माय-लेकी पाणी आणायला गेल्या असतील असं समजून आनंदरावांनी त्यांनाच पसंत केलं.

ह्यांना हसू आवरेना. मला मात्र काय झालं विचारू नका. मी, मुलाची आई, आणि मला चोरून बघायचं? माझी पसंती-नापसंती? मी ताटातून उठले. "असं होतं तर सांगायचं होतं सरळ!" म्हटलं. मंगलबाईंचं तोंड एवढंसं झालं. प्रज्ञा म्हणाली, "चुकलं आमचं आई, पण त्यांना दुसरं काहीच जमत नाही आता. तेवढंच बघता येतं." आणि रडायलाच लागली.

तिने मला पहिल्यांदा आई म्हटलं होतं, आणि तेही अशा वेळी. मी मुकाट्याने सतरंजी उचलली आणि पुन्हा पिंपळाखाली नेली.

तिथल्या आजीला आम्ही सगळी हकिकत सांगितली. आक्का म्हणायचे तिला सगळे. तिची सून समोर बाळंत झाली होती, नातू कमी वजनाचा म्हणून काचेत ठेवलेला. आक्काची बोटं आखडलेली म्हणून नवरा तिला भाकरी मोडून द्यायचा. तिचा म्हातारा धोतर झटकत म्हणाला, "म्हंजे आमीच पास झालो म्हणायचं! मुलगा न्हाय आमाला लग्नाचा, न्हायतर केली असती की सोयरीक!" आक्काने त्याला कोपराने ढोसलं आणि आम्हाला जागा करून दिली. मग सगळ्यांनी मिळून उरलेलं जेवण संपवलं. आमच्या ह्यांनी माझ्या ताटात एक भाकरी मोडून टाकली. मी म्हटलं, आता कशाला, उशीर झाला.

मान वर करून बघितलं. व्हरांड्याच्या कठड्यामागे लाल खुर्ची, आणि तिच्यावर डोक्यावरून टॉवेल ओढून घेतलेलं कुणीतरी. तोंड दिसत नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. ह्या वेळी आनंदरावांना त्यांची विहीण हवी होती, म्हणजे मी.

"इहीनबाई, राग आला काय?"

"आला."

"येणारच की." मग म्हणाले, "एक मागू काय? जरा चालून दाखवतासा?"

खाट, रांजण, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं. माझ्या तोंडात शब्द तयार होते, आणि चांगले नव्हते.

"एकट्या न्हवं," ते म्हणाले. "पोरीला संगं घिऊन. हितनं कारंज्यापातूर. बस."

मी साडी सारखी केली आणि निघाले. प्रज्ञा नेहमीसारखी दोन पावलं पुढे गेली. माझा गुडघा जेवून बसल्यावर दगड होतो. ती थबकली, मागे आली आणि माझ्या कोपराखाली हात घातला. हात गार होता. मी म्हटलं, "तू हो पुढं, मी येते." "न्हाय, सावकाश जाऊ की," ती म्हणाली. ऑफिसातलं मराठी गळून पडलं होतं.

अर्ध्या वाटेत तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "बाबांना काय झालं तर?"

काय सांगणार? काही होणार नाही, असं मला म्हणवलं नाही. मी डॉक्टर थोडीच आहे. मी म्हटलं, "तर मी आहे ना वं. आईलाही मी बघीन." आणि तिचा हात माझ्या हातात घट्ट धरला. कारंज्याला वळसा घातला, परत आलो. आमच्या चालण्याने तोफेवरची पोरंसुद्धा गप्प बसून बघत होती. एवढं काय चाललंय ते त्यांना कळेना.

पिंपळाशी पोचलो तेव्हा फोन चालूच होता.

"इहीनबाई, माझी पोर भरारा चालती. ल्हानपणापास्नं. आमच्यासाठी कवा थांबली न्हाय. आज थांबली. मला एवढंच बघायचं हुतं." मग मोठ्याने, जणू साऱ्या बागेला सांगितल्यासारखं, "मी हो म्हंतो!"

प्रज्ञा पाराच्या कडेला बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. मंगलबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी वर बघितलं, टॉवेल तसाच होता.

रिकामी खुर्ची

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सुमेध पुण्याहून आला. आम्ही सगळे पिंपळाखाली. आत फक्त मंगलबाईंना सोडलं होतं. लाल खुर्ची व्हरांड्यात तशीच होती, रिकामी. मी ठरवलं होतं तिकडे बघायचं नाही, आणि दिवसभर तिकडेच बघत होते. कुणी म्हटलं चहा घ्या, कुणी म्हटलं मिसळ आणू का. ज्या मिसळीसाठी लोक गाड्या काढून कोल्हापूरला येतात ती माझ्यासमोर गार झाली. आक्काने माझ्याशेजारी बसून नुसता हात धरला. कोल्हापूरचं माणूस गप्प बसलेलं मी तेवढं एकदाच बघितलं.

ऊन उतरल्यावर मंगलबाई रस्ता ओलांडून आल्या. "गाठ काढली," म्हणाल्या. "शुद्धीवर आल्यात. पाणी मागालेत. गाठीचा रिपोर्ट मागनं येणार." एवढं बोलून त्या सतरंजीवर आडव्या झाल्या आणि झोपून गेल्या. आक्काने त्यांच्या अंगावर आपली शाल घातली.

त्या संध्याकाळी सुमेधने आम्हाला गंगावेशीत दूध प्यायला नेलं. तिथं रस्त्यातच म्हशी उभ्या असतात. तुमच्यासमोर धार काढून फेसाळतं, कोमट दूध ग्लासात देतात. आमच्याकडे कुणी असं प्यायलं तर आधी डॉक्टरकडे नेतील. मी डोळे मिटून ग्लास संपवला. प्रज्ञाने तिच्या ओठांवरचा फेस पुसत विचारलं, "आवडलं?" मी म्हटलं अजून एक सांग.

निघायचा दिवस

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही निरोप घ्यायला बागेत गेलो. पिंपळाला तांबूस पालवी फुटायला लागली होती. आक्काचा नातू काचेतून बाहेर आला होता, म्हणून तिचा म्हातारा सगळ्या चादरींवर पेढे वाटत फिरत होता. रिपोर्ट अजून आला नव्हता. अजूनही, हे लिहिते आहे तोवर, आलेला नाही. पुढचं पुढे.

सतरंजीवर टेकतो न टेकतो तोच माझाच फोन वाजला.

"इहीनबाई, कुठं बसलाईसा?"

"पिंपळाखाली. ह्या वेळी खरंच."

"बसा मग. उठू नका. वर बघा."

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. लाल खुर्चीवरचा माणूस कठड्याला धरून उठत होता. एका बाजूने हातात फोन धरलेल्या मंगलबाई, एका बाजूने नर्स. त्याने हात वर करून डोक्यावरचा टॉवेल काढला आणि खुर्चीवर टाकला. पिकले केस, दाढी वाढलेली, अंगात दवाखान्याचे हिरवे ढगळ कपडे. ज्या कपड्यात सोयऱ्यांसमोर यायचं नव्हतं तेच. इतक्या दिवसांनी मी माझ्या व्याह्याचं तोंड बघत होते.

"आता मी चालून दाखवतो," फोनमधून आवाज आला. तो आता खणखणीत नव्हता, धाप लागलेली होती.

आणि ते चालले. एक हात पोटावर, एक कठड्यावर. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. मध्ये थांबले, तेव्हा प्रज्ञाने माझा दंड इतका घट्ट पकडला की बोटं उमटली. आमचे हे उभे राहिले. आक्का, तिचा म्हातारा, शेजारच्या चादरीवरची माणसं, सगळी वर बघत होती. मग ते पुन्हा निघाले, दुसऱ्या खांबाशी पोचले, त्याला टेकले आणि मंगलबाईंकडून फोन घेऊन कानाला लावला.

"काय म्हंतासा, इहीनबाई?"

मी डोळे पुसले आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल असं, कोल्हापूरकरांसारखं ओरडून सांगितलं, "पसंत आहे!"